बारदान्याखालचे ड्रम

१८ एप्रिल. ड्रम ढवळायचे होते.

काँक्रीटमध्ये घालायच्या दवाया पाण्यातल्या असतात. ड्रम नुसता उभा राहिला की जड भाग तळाला बसतो आणि वर पातळ पाणी राहतं. म्हणून दर आठवड्याला झाकण उघडायचं, लाकडी दांड्यानं तळापासून ढवळायचं, झाकण घट्ट लावायचं आणि पुढच्या ड्रमकडे वळायचं. हातमोजे घालायचे. एका दवाईचा दांडा दुसरीत घालायचा नाही. कामगार दवाई म्हणतात, मीही म्हणते. सडक अर्जुनीच्या अलीकडे हायवेला लागून आमचा काँक्रीटचा प्लांट आहे आणि तिथलं स्टोअर बरीच वर्षं माझ्याकडे आहे.

दवाया दोन. पहिलीनं काँक्रीट कमी पाण्यातही पातळ राहतं. दुसरीनं ते उशिरा घट्ट होतं; उन्हाळ्यात ट्रक रस्त्यात अडकला तर माल आतच दगड होऊ नये, म्हणून ती अगदी थोडी घालतात. पहिलीच्या मापानं दुसरी पडली तर काँक्रीट दिवसचे दिवस आवळत नाही, मऊच राहतं. दोन्ही तपकिरी, दोन्ही सारख्याच निळ्या ड्रममधून येतात. कोणती कोणती ते लेबल सांगतं.

थंड जागी ठेवा, असंही लेबलच सांगतं. आमचं स्टोअर टिनाचं. एप्रिलच्या दुपारी आत ज्याला हात लावाल ते चटका देतं, आणि दवाई तापली की नासते, आंबूस वास मारायला लागते. तेव्हा मी घरी रांजणाला करतात तेच केलं. सगळ्या ड्रमना गोणपाटाचा ओला बारदाना गुंडाळला आणि दिवसातून दोनदा त्यावर पाणी मारायला लावलं. दवाई गार राहिली. मॅनेजरसाहेबांनी फोटो काढून वर पाठवला. मीही दोन दिवस खुशीत होते.

त्या सकाळी ढवळायला म्हणून पहिला बारदाना सोडला तर ड्रमवर लेबल नव्हतं. कागदाचा लगदा होऊन तो बारदान्याला चिकटून आला होता. दुसऱ्या ड्रमचं तेच. मग मी भराभर सगळे सोडले. आठ निळे ड्रम, एकावरही अक्षर नाही.

तीन दिवसांपूर्वी दुपारी मशीनला नवीन ड्रम लावला होता, हे मला आठवत होतं. मशीन चालवणाऱ्या ऑपरेटरला बोलावलं आणि कोणता नेला होता ते विचारलं.

"तुमीच तं म्हटलं ना ताई, भिंतीकडून तिसरा."

म्हटलं होतं. खुर्चीतून न उठता म्हटलं होतं. पण त्याच्या आदल्या दिवशी बारदान्याचं पाणी वाहून जायला नाली काढायची म्हणून ड्रम सरकवले होते, तेही मीच सरकवायला लावले होते. भिंतीकडून तिसरा तो आता तिसरा राहिलेला नव्हता.

मशीनवरच्या ड्रमचं झाकण उघडून हुंगलं. गुळाच्या पाकासारखा गोडसर वास आला, तो दुसरीचा. वासावर विश्वास ठेवायचा नाही, हे मी नव्या पोरांना शिकवते, म्हणून दोन झाकणांत सिमेंट कालवलं. एकात या ड्रममधली दवाई घातली, दुसऱ्यात साधं पाणी. दोन्ही झाकणं माझ्या टेबलाखाली ठेवली. दुसऱ्या दिवशी साध्या पाण्याचं वाजवलं तर टणटण वाजलं. दवाईच्यात बोट रुतलं.

ड्रम लावला त्या दिवशी दुपारनंतर एकच ट्रक बाहेर गेला होता, पुढे ऑर्डरच नव्हती. आठ-दहा किलोमीटरवरच्या एका गावात नवीन घराचा स्लॅब होता. सकाळी एक ट्रक, दुपारी एक. तपासणीचे ठोकळे सकाळच्या मालाचे भरले होते आणि ते उत्तम निघाले होते. म्हणजे कागदावर अख्खा स्लॅब पास. खरं तर अर्धाच. ज्यांचं घर होतं त्यांच्याकडे पुढच्या आठवड्यात मुलीचं लग्न होतं. स्लॅबखाली टेकूला लावलेल्या बल्ल्या काढून तिथेच सावलीत पाहुणे बसवायचे, म्हणून तर त्यांनी स्लॅबची घाई केली होती.

मॅनेजरसाहेबांना सांगितलं. त्यांनी कागद पाहिला, मला पाहिलं. "मैडम, रिपोर्ट पास है। आप क्यों आग में हाथ डाल रही हो?" त्यांना दोष देत नाही. कागद खरंच पास होता.

मी स्कूटी काढली.

घरची माणसं सगळी अंगणात होती. मुलीचे वडील मांडवाच्या जांभळाच्या फांद्या कुठून आणायच्या ते कुणाला तरी फोनवर सांगत होते. आजोबा खाटेवर बसले होते. प्लांटवरून आले, स्लॅब पाहायचा आहे, एवढंच म्हटलं आणि शिडीनं वर गेले. वरून सगळा स्लॅब सारखाच दिसत होता, उन्हानं पांढरट आणि टणक. मिस्त्रीनं आळी करून पाणी भरलं होतं, त्यावर भाताची तणस पसरली होती. पण ऊन वरचाच पापुद्रा वाळवतं. कडेची फळी काढलेली होती, तिथे वाकून मी खिळा लावला. अलीकडे, सकाळच्या मालाच्या बाजूला, तो वाकला. पलीकडच्या बाजूला पेरभर आत गेला, उकडलेल्या बटाट्यात जावा तसा. मी तो तिथेच सोडून दिला. ओढून काढावासा वाटला नाही.

खाली येऊन सांगितलं की चूक माझी आहे, चुकीची दवाई पडली आहे. वर पाणी मारत राहा, माल हळूहळू आवळेल, पण महिनाभर एकही बल्ली काढायची नाही आणि खाली कुणी बसायचं नाही.

वडिलांनी फोन खिशात ठेवला. "म्हंजे चूक तुमची, अन् ऊन आमच्या पाव्हण्याईले?"

त्यांनी विचारलं, कागद काय म्हणतो. मी म्हटलं, कागद पास आहे.

"मंग तुमाले कायले पडली बाई?"

त्यावर खाटेवरचे आजोबा बोलले. मुलाकडे पाहत बोलले, माझ्याकडे नाही. "आपल्या बापजाद्यानं तलाव बांधले. त्याच्या ओल्या मातीच्या पारीवर कोनी बैलबंडी नेली का बे कधी? बाई सांगून रायली तं रायू दे बल्ल्या. लगन मांडवात होईल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अन् तुमी लग्नाले येजा."

लग्नाला मी गेले. न जाण्याचं काही कारण नव्हतं आणि बल्ल्या जागेवर आहेत का तेही पाहायचं होतं. होत्या. त्या बल्ल्यांच्या रानात थंडगार काळोख होता, आणि सगळी माणसं बाहेर कापडाखाली घामानं निथळत होती. जांभळाच्या फांद्या अकरा वाजेस्तोवर वाळून गेल्या होत्या. आजोबा मांडवाच्या तोंडाशी उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला रामराम करत होते. मी बसा म्हटलं तर हसले, आणि मलाच मठ्ठ्याचा ग्लास आणून दिला. दीड वाजता मी निघाले. मागे पाहिलं तेव्हाही ते उभे होते.

संध्याकाळी ऑपरेटरचा फोन आला. तीनच्या सुमाराला म्हातारा पडला, उन्हाची लू लागली म्हणतात, दवाखान्याच्या वाटेवरच गेला. मुलीची पाठवणी होईस्तोवर कुणाला कळू दिलं नाही. मुलगी रडत गाडीत बसली, पण ते नुसतं पाठवणीचं रडणं.

मी बरोबर होते, हे मला माहीत आहे. कुणी विचारलं तर पुन्हा हेच करीन. पण लग्नाच्या आदल्या दिवशी बल्ल्या काढल्या असत्या तर स्लॅब पडला असता की नाही, हे मला माहीत नाही आणि ते आता कुणालाच कळणार नाही. कदाचित तोवर आवळलाही असता. म्हातारा माणूस सावलीत बसून नातीचं लग्न पाहून झोपी गेला असता. ते घर आजही उभं आहे. उन्हाळ्यात त्या स्लॅबवर माणसं झोपतात. आमच्या रस्त्यावरची बस त्याच्या समोरून जाते आणि मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसते. मला भुतंखेतं दिसत नाहीत. फक्त कधी ड्रमचं झाकण आवळताना, कधी किराण्याच्या दुकानात उभी असताना, ते वाक्य ऐकू येतं. ऊन आमच्या पाव्हण्याईले? कुणाच्याही नव्या घरात गेले की मी आधी वर पाहते आणि दारापाशी बसते. घरचे हसतात, हसू देत.

म्हातारा गेला त्या रात्री अंथरुणावर मला एवढंच सुचत होतं की उद्या त्या स्लॅबवर पाणी कोण मारणार. प्रेत घरात, तेव्हा कुणी मोटर लावणार नाही, मिस्त्री येणार नाही. उशिरा आवळणाऱ्या मालाला एक दिवसही कोरडा ठेवून चालत नाही. पाणी थांबलं तर तो कायमचा कच्चा राहतो, आणि मग म्हाताऱ्यानं जे ऐकलं ते फुकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी तिथे पोचले. मांडव अजून उभा होता. बायका आत जमल्या होत्या, रडणं बाहेर ऐकू येत होतं. मुलीचे वडील अंगणात उघड्या डोक्यानं बसले होते. त्यांनी मला पाहिलं आणि नजर काढून घेतली. मी हौदाजवळची बादली उचलली आणि शिडी चढले. पहिली बादली पलीकडच्या बाजूला ओतली. तणस वरवर भिजली, खालचं सगळं पाणी ऊन पिऊन गेलं होतं. किती फेऱ्या झाल्या ते मोजलं नाही. मध्ये एकदा खाली उतरले तेव्हा तिरडी बांधायला बांबू आले होते, म्हणून बाजूला उभी राहिले, ती माणसं गेल्यावर बादली भरली. कुणी अडवलं नाही. सगळी आळी काठोकाठ भरल्यावर बादली होती तिथे पालथी ठेवली, हातपाय धुतले आणि नऊला जाऊन स्टोअर उघडलं.