चरित्रातलं एक वाक्य

आमच्या भागातल्या एका दिवंगत आमदारांचं चरित्र तपासायला माझ्याकडे आलं. त्यांच्या मुलाचा अंबडला कारखाना आहे. वडिलांच्या जन्मशताब्दीसाठी त्याने ते कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं. मी निवृत्त मराठी शिक्षक, आणि पक्का संशयी. बायको म्हणते, देव प्रसन्न झाला तरी तुम्ही आधी त्याचं आधारकार्ड मागाल.

दुसऱ्याच पानावर वाक्य होतं, ‘साहेबांनी आयुष्यात कुणासाठीही शिफारशीची चिठ्ठी दिली नाही.’ अहो, चिठ्ठी न देणारा आमदार तीनदा निवडून येतो होय? म्हटलं, इथेच पाणी मुरतंय. मुलाकडे जुने कागद मागितले, तर त्याने लगेच ट्रंक आणून दिली. इतक्या सहज देतोय म्हणजे आधीच साफ केली असणार! पण कुलूप पार गंजलेलं. तेल सोडून कसंबसं उघडलं.

आत चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. साहेब प्रत्येक चिठ्ठीची कार्बन कॉपी ठेवायचे आणि ज्या विनंतीवरून ती दिली तो कागद मागे टाचून ठेवायचे. कुणाला एसटीत चिकटवलेलं, कुणाला तलाठी केलेलं. मी चहा पीत मिटक्या मारत वाचत होतो. सगळी वशिल्याची तट्टं मेली!

मग सिन्नरच्या शाळेची चिठ्ठी निघाली. माझ्या पहिल्या नोकरीची. मागे माझ्या वडिलांचं अक्षर: ‘मुलाखतीत पेठची एक मुलगी पहिली आली आहे. ती काय, उद्या लग्न होऊन जाईल. माझ्या मुलाचा विचार व्हावा.’

चहाचा कप खाली ठेवला. ‘तू कुणाच्या मेहेरबानीवर उभा नाहीस,’ असं हेच वडील मरेपर्यंत सांगत होते. मी तेच वर्गात छत्तीस वर्षं पोरांना ऐकवलं. त्या मुलीचं नावही कागदावर होतं. पेठच्या डोंगरातून येऊन ती पहिली आली होती, आणि तिच्या खुर्चीत मी बसलो. लाज वाटली, फार लाज वाटली. आणि वडिलांचा रागही आला.

संध्याकाळी साहेबांच्या मुलाचा फोन आला. “सर, ते चिठ्ठ्यांचं वाक्य ठेवायचं ना? ट्रंकेत काही वेगळं निघालं का?”

“नाही,” मी म्हणालो. “ठेवा तसंच.”

“मग झालं तर. तुमच्या नजरेतून काय सुटणार, सर!”

दुसऱ्या दिवशी ट्रंक परत केली. त्यातला तेवढा एक कागद मी काढून घेतला होता.