पोट बिघडलेल्यांची रांग

तव्यावर तांदळाची भाकरी फुगून तिचा गोडसर वास सुटला, की मला बेलापूरच्या आमच्या हॉस्टेलची मेस आठवते. गव्हाचा कण जरी पोटात गेला तरी मी अंथरूण धरायचे, आणि मेसमध्ये रोज चपात्या. सुरुवातीचे दिवस मी नुसत्या डाळभातावर काढले. शेवटी जवळच्या दिवाळे गावातून येणाऱ्या, चपात्या लाटणाऱ्या मावशींना घाबरत घाबरत सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "येवढंच ना? आमच्यात रोज तांदलाचीच भाकरी हाय." दुसऱ्या दिवसापासून वेगळ्या तव्यावर माझ्यापुरत्या भाकऱ्या पडू लागल्या. घोटाळा झाला तो बुधवारी, माशाच्या कालवणाच्या दिवशी. गरम भाकरी समोर दिसत असताना कालवणाशी चपाती कोण खाणार? मी पोचले तर भाकरीच्या तव्यापुढे ही मोठी रांग, आणि जो तो पोट धरून उभा. माझ्या पुढचा मुलगा तर आदल्याच संध्याकाळी माझ्यासमोर वडापाव हाणत होता. तो चेहरा पाडून म्हणाला, "मावशी, मला पण गहू सोसत नाय." मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आज अख्ख्या हॉस्टेलचं पोट बिगडलंय काय?" तरी पीठ संपेपर्यंत त्या हसत थापत राहिल्या. माझी पाळी आली तेव्हा परात रिकामी होती. मी गुपचूप भाताकडे वळले, तेवढ्यात त्यांनी हाक मारली आणि स्वतःच्या डब्यातून दोन भाकऱ्या काढून माझ्या ताटात टाकल्या. "तुझ्या आधीच बाजूला काढल्या व्हत्या." तो वडापाववाला मुलगा आता माझा नवरा आहे. आत्ताच तो पोट धरून स्वयंपाकघरात आलाय.