मामी, तुझी छत्री

प्रिय मामी,

हे नाव तुला वॉर्डबॉयनी ठेवलं आणि तू ते मिरवलंस. कारणही तूच दिलंस. हॉस्पिटलात दुभाषी म्हणून आलीस तेव्हापासून चहाच्या टेबलावर तुझं एकच पालुपद: "आपल्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ. कुठे मामा म्हणजे चक्क आई. आणि एका डोंगराळ भाषेत तर बाप! या भाषांचं एकमेकींशी सोयरसुतक नाही, बरं का."

"आणि तुझा नवरा?" मी विचारलं होतं.

"तो सगळ्या भाषांत आळशीच."

मग एक दिवस ओपीडीत ती चिमुरडी सापडली. एकटी, रडून नाक लाल. सारखी म्हणत होती, "मामा." बाकीचं बोलणं तुलाही कळेना. संध्याकाळच्या गाडीने तिला अनाथाश्रमात न्यायचं ठरलं होतं. एकदा तिकडे गेली की घरच्यांनी शोधायचं कुठे? आईलाच हाका मारत असेल म्हणून बायकांचे वॉर्ड आम्ही पालथे घातले. मेट्रन म्हणून मी घायकुतीला आले.

"अगं, तीन अर्थ पाठ आहेत ना? एक निवड आणि सांग!"

"निवडायला ती काय भाजी आहे?"

तुझी पद्धतच ती. शब्द ओळखीचा वाटला की तू तोंड मिटायचीस आणि माणूस स्वतः दाखवेपर्यंत थांबायचीस. एवढा धीर मला सात जन्मांत जमला नसता. छत्रीची मूठ तू तिच्या हातात दिलीस, टोक आपण धरलंस आणि आम्हाला दटावलंस, "हिच्या पुढे कोणी जायचं नाही."

पोरगी निघाली. औषधांच्या खिडकीपाशी गेली, परत फिरली, नळाजवळ घुटमळली. फाटकात गाडीचा हॉर्न वाजत होता. तू मान वळवली नाहीस. शेवटी एक्स-रेच्या दारावर तिने छत्रीची मूठ आपटली.

आत पाय मोडलेला माणूस जिवाच्या आकांताने ओरडत होता. कळ येते म्हणून ओरडतोय असं समजून टेक्निशियन त्याला गप्प करत होता. तो तर लेकीला हाका मारत होता! पोरगी झेपावली.

"बघ, डोंगराळच निघाली," म्हणालीस आणि गार झालेला चहा प्यायलीस. बस्स, एवढंच.

छत्री मात्र तिने सोडली नाही. "असू दे," म्हणालीस, "आणायला आपण दोघी जाऊ. त्या निमित्ताने घर बघू." नवी घेतलीच नाहीस. डोक्यावर पिशवी धरून भिजत यायचीस. आधी माझ्या ड्यूट्या आडव्या आल्या, मग तुझे गुडघे, आणि मग तूच राहिली नाहीस.

केसपेपरवरचा त्यांचा पत्ता मला अजून पाठ आहे. छत्री तिकडेच आहे.