बटन टायर आणि जोडीदाराचा अंगठा

माझी शेवटची मोठी पोस्टिंग ईशान्येकडच्या डोंगरात, सिग्नल रेजिमेंटमध्ये होती. काम डी. आर.चं, म्हणजे डिस्पॅच रायडरचं. वायरलेस गप्प झाला, लाइन तुटली, किंवा एखादी गोष्ट हवेवर बोलायचीच नसली, की निरोपाचा लखोटा मोटारसायकलवरून पोचवायचा. लोक विचारतात, हवालदार, मोबाइलच्या जमान्यात असलं काम उरलं होतं का? डोंगर खाली आला की टॉवरही खाली येतो. मग आमची आठवण व्हायची.

मी पुसदकडच्या बंजारा तांड्यावरचा. आमचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरायचे. मी लखोटे लादून फिरलो, एवढाच फरक. माझा जोडीदार नायक देविदास राळेगावकडचा, कापूस-तुरीच्या घरचा. यवतमाळची दोन माणसं एका प्लाटूनमध्ये आली की नातं आपोआप जुळतं. आम्ही वऱ्हाडीत बोलायला लागलो की बाकीचे हसायचे. देविदास मुद्दाम जास्त वऱ्हाडी बोलायचा.

सकाळी गाड्या रांगेत लागायच्या. पेट्रोल, चेन, ब्रेक, टूलकिट, सीटमागं पट्ट्यानं बांधलेला पायपंप. हे सगळं ज्यानं त्यानं तपासायचं. टायर मात्र आपला आपण तपासायचा नाही. तो जोडीदारानं तपासायचा. खाली बसून अंगठ्यानं दाबायचा, चाक फिरवून अडकलेले खडे काढायचे आणि मग म्हणायचं, "ओके, जा." त्याशिवाय गाडी हलायची नाही. हा नियम आमच्या सुभेदार साहेबांचा. ते म्हणायचे, "जल्दी में आदमी अपने टायर से झूठ बोलता है. दूसरे का अंगूठा लगाओ." सुरुवातीला आम्हाला ही म्हाताऱ्याची खोड वाटली. पहिल्याच पावसाळ्यात खोड वाटायची बंद झाली.

आमच्या गाड्यांना मोठ्या गुटक्यांचे, म्हणजे रबराच्या उठावदार ठोकळ्यांचे टायर असायचे. आपल्याकडं त्यांना बटन टायर म्हणतात. चिखल आला की उतरायचं, थोडी हवा सोडायची. टायर पसरतो आणि पकड धरतो. डांबर आलं की पुन्हा उतरायचं आणि पंपानं हवा भरायची. चिखलात जी कमी हवा माणसाला पुढं नेते, तीच ओल्या डांबरावर त्याला पाडते.

त्या वर्षी डोंगरात पाऊस थांबायचं नाव घेईना. मला सकाळीच उत्तरेकडच्या पोस्टला पाठवलं होतं. देविदासनं माझे टायर दाबले, "ओके, जा" म्हटलं आणि चहाला गेला. मी गेल्यावर वरून निरोप आला की नदी फुगते आहे. खाली पुलाजवळ आमची एक तुकडी तंबू ठोकून होती.

"ब्रिज, धिस इज कंट्रोल. ओव्हर."

उत्तर नाही.

"ब्रिज, धिस इज कंट्रोल. कॅम्प सोडा, वर या. ओव्हर."

उत्तर नाही. कॅप्टन साहेबांनी देविदासला बोलावलं. "पहुँच जाओगे?"

"पहुँचूँगा, साब."

जोडीदार नव्हता. देविदास एकटा निघाला. अर्धा रस्ता चिखलाचा होता, तो त्यानं पार केला. पुढं पुलापर्यंत डांबर. शेवटच्या वळणावर गाडी घसरली आणि तो कठड्यावर आदळला. बरगड्या मोडल्या. तो उठला आणि उरलेला रस्ता पायी उतरला. तुकडीच्या हवालदाराला त्यानं निरोप तोंडी सांगितला, लखोटाही दिला आणि मग खाली बसला. तुकडी वर आली. संध्याकाळपर्यंत तंबूंच्या जागी नदी होती. फील्ड हॉस्पिटलला नेताना वाटेतच देविदास गेला. पोटात रक्तस्राव झाला होता.

दुसऱ्या दिवशी त्याची गाडी आणायला मला पाठवलं. मी खाली बसलो आणि मागच्या टायरला अंगठा लावला. अंगठा आत गेला. पंप सीटमागं जसाच्या तसा बांधलेला होता.

त्याचं सामान घेऊन मी राळेगावकडं आलो. गावात मान मिळाला, फुलं पडली. पण महिन्याभरात पारावर बोलणं सुरू झालं. गोळी लागून गेला असता तर गोष्ट वेगळी, हा तर गाडीवरून पडून गेला. मी ते माझ्या कानानं ऐकलं आणि तिथल्या तिथं भांडलो. त्यानंतर जिथं ऐकलं तिथं भांडलो. ह्या बाबतीत मला शहाणपण आलेलं नाही आणि येऊही नये.

देविदासच्या बायकोला, सुमनवहिनींना, कुणाशी भांडायचं नव्हतं. त्यांनी फक्त मोटारसायकल घरातून हद्दपार केली. स्वतः कधी बसल्या नाहीत. बाजाराला एसटीनं जायच्या. पाहुण्यालाही गाडी फाटकाबाहेर लावावी लागायची, मग तो जावई असो की सरपंच.

मी निवृत्त होऊन पांढरकवड्याला राहिलो. देविदासची मुलगी वैशाली वनरक्षक झाली आणि तिला बीट, म्हणजे राखायचा जंगलाचा पट्टा, मिळाली ती पांढरकवड्याच्याच बाजूला. आईला घेऊन ती तिथं खोली करून राहिली. बीटवर जायचं म्हणजे आधी डांबर, मग मुरमाचा रस्ता, मग दोन्ही बाजूंनी कापसाच्या पऱ्हाटीची वावरं असलेली काळ्या मातीची गाडीवाट, म्हणजे पांदण, आणि त्यापुढं जंगल. दर वेळी कुणाच्या तरी मागं बसून ती जायची. शेवटी तिच्या साहेबांनी सांगितलं, सोमवारपासून स्वतःच्या गाडीनं जा, नाहीतर लाकूड डेपोत टेबल घे. त्या आठवड्यात ती माझ्याकडं आली.

"काका, गाडी चालवता येते मले. जुनी पाहून ठेवली आहे. टायर कोणते टाकू ते सांगा. अन् आईले समजवा."

"टायरचं सांगतो. आईनं काय म्हटलं?"

"डेपोत बस म्हणते. पळण्यात पोरांच्या पुढं होती मी. टेबलावर बसाले भरती झाली का?"

देविदासची पोरगी. मान तिरकी करून बोलायची पद्धतही त्याचीच. मी वहिनींकडं गेलो. वाटलं होतं रडतील. त्यांनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही सांगाल ते मले ऐकाचं नाही. डोळ्यानं दिसंल ते पाहीन. मंग ठरवीन."

बायपास झाल्यापासून जुन्या हायवेचा एक तुकडा गावाबाहेर रिकामा पडला आहे. त्याला एक वळण आहे आणि वळणाच्या पुढं मुरमाचा चढ आणि पांदण. टायर तपासायला याहून चांगली जागा नाही. रविवारी सकाळी झिमझिम येऊन गेली होती. डांबर ओलं होतं. मी चुन्याची रेघ मारली. तपासायची पद्धत सैन्यातली: माणूस तोच, गाडी तीच, वेग तोच, फक्त टायर वेगळा. वहिनी छत्री घेऊन कडेला उभ्या राहिल्या, वैशाली दगड घेऊन.

आधी वैशालीनं पाहून ठेवलेल्या जुन्या गाडीचे साधे टायर. मी रेघेवर ब्रेक मारला, गाडी जिथं थांबली तिथं वैशालीनं दगड ठेवला. मुरमाच्या चढावर मागचं चाक दोनदा निसटलं. पांदणीत गाडी शिरली आणि तिथंच फिरत राहिली. ढकलून बाहेर काढली.

मग दुकानात नेऊन बटन टायर चढवले. टायरवाला म्हणाला, "साहेब, पोरीच्या गाडीले बटन टायर कायले? स्कुटी घेऊन द्या न."

"तिची बीट एक डाव चालून ये. मंग सांग मले स्कुटीचं."

त्यानं पाना उचलला.

जुन्या रस्त्यावर परत आलो, डांबर अजून ओलंच होतं. बटन टायर डांबरावर घोंगावतो, हँडल थरथरतं, आणि वळणावर गाडी बाजेवर उभं राहिल्यासारखी डुलते. रेघेवर ब्रेक मारला. गाडी पहिल्या दगडाच्या पुढं जाऊन थांबली. वैशालीनं दुसरा दगड ठेवला. वहिनी दोन दगडांमधलं अंतर चालून आल्या.

"भाऊ, हे तं पुढं गेलं."

"गेलं वहिनी. ओल्या डांबरावर हा टायर कमीच आहे. लपवणार नाही."

"मंग कायले घेता?"

मी मुरमाच्या चढावर गेलो. गाडी खाली न घसरता वर चढली. पांदणीच्या तोंडाशी थोडी हवा सोडली आणि गाडी वैशालीच्या हातात दिली. जिथं सकाळी मी फसलो होतो, तिथून ती पुढं गेली. बरीच पुढं. मग काळ्या मातीनं आपला गुण दाखवला. गुटक्यांमधल्या फटी भरल्या, टायरचा गोळा झाला, मडगार्डमध्ये माती ठासली आणि पुढचं चाक अडलं. ती घाबरली नाही. उतरली, काडीनं माती काढली, गाडी वळवली आणि परत आली.

"इथून पुढं पायी," मी म्हणालो. "अडलं की उतराचं. जिद्द पायांनी कराची, गाडीनं नाही."

"मडगार्ड वर उचलून घेता येईल का?" तिनं विचारलं. मला बरं वाटलं. बरोबर प्रश्न होता.

डांबराच्या कडेला आलो आणि मी पंप सोडायला वाकलो. तेव्हा वहिनी म्हणाल्या, "थांबा भाऊ. त्यायच्या गाडीत अशीच हवा होती न?"

मी सरळ उभा राहिलो. "होती."

"मंग तशीच चालवा. त्या वळणावर. मले पाहाचं आहे."

"आई, हे काय?" वैशाली म्हणाली.

"नाही वहिनी," मी म्हणालो. "ते काही पाहाचं नाही."

"इतके वर्सं लोकायनं मले सांगतलं. कोणी म्हणे वेगात होता, कोणी म्हणे गाडीच अशी असते. मी काहीच पाह्यलं नाही. चालवा."

मला राग आला. वहिनींचा नाही, त्या सांगणाऱ्यांचा. हेल्मेटचा पट्टा आवळला आणि गाडी काढली. वेग अर्धाच ठेवला. वळणावर गाडी कलली आणि मागचं चाक बाहेर चालायला लागलं. सावकाश, कुणी शेपूट धरून ओढावं तसं. ब्रेकला हात लावला नाही. पाय टेकवला, गाडी गवतात गेली आणि बाभळीच्या अलीकडं थांबली. सैन्यात इतकी वर्षं काढली, पण त्या सकाळइतका मी कधी घाबरलो नाही, हे सांगायला मला लाज नाही.

वहिनी चालत आल्या. गवतात उमटलेली चाकाची रेघ पाहिली. "असं झालं," त्या म्हणाल्या.

"असंच. त्याचा वेग जास्त होता, अन् कठडा दगडाचा."

मी पंप काढला, पायानं हवा भरली. गेजवर पाहिलं. पुन्हा तेच वळण घेतलं, आधीच्याच वेगानं. गाडी डुलली, पण चाक जागचं हललं नाही. तिसऱ्यांदा घेतलं, थोडं जोरात. नाही हललं.

वहिनी पंपाकडं पाहत होत्या. "हवा भराले एवढाच वेळ लागते?"

"एवढाच."

"तेवढ्यात माझं पान खाऊन झालं नसतं." मग त्या म्हणाल्या, "अन् तेवढा वेळ त्यायनं पुलावरच्या पोरायले देला."

हे वाक्य मी इतकी वर्षं पारावर भांडताना शोधत होतो. मला सापडलं नव्हतं.

"हो वहिनी."

"त्यायनं देला ते बरोबर केलं. वैशूनं नाही द्याचा." त्या मुलीकडं वळल्या. "समजलं का? साहेब बोलवो, वाघ येवो, वन पेटो. डांबरावर आली की आधी हवा."

"हो आई."

मी तेव्हा त्यांना जोडीदाराच्या अंगठ्याचा नियम सांगितला. आपला टायर आपण तपासायचा नाही. दोघांनी मिळून तपासायचा, एकाचा टायर, दुसऱ्याचा अंगठा. वहिनींनी ऐकून घेतलं.

सोमवारी सकाळी मी मुद्दाम तिकडून गेलो. गाडी फाटकाच्या आत उभी होती. वैशाली खाकीत, पंप सीटमागं बांधलेला. सुमनवहिनी पदर खोचून खाली बसल्या होत्या. मागच्या टायरला अंगठा लावला, जोर देऊन दाबला. मग पुढच्या. चाक फिरवलं आणि गुटक्यातला एक खडा नखानं काढून बाजूला फेकला. उठल्या, हात पदराला पुसला.

"ओके, जा," त्या म्हणाल्या.

गाडी निघाली तसं मागून त्यांनी मोठ्यानं सांगितलं, "अन् येताना डांबरावर हवा भर."

नायक देविदास, डिस्पॅच रायडर. निरोप पोचवला. पुलावरची सगळी माणसं आपापल्या घरी परत गेली. तो गाडीवरून पडून गेला असं अजून कुणाला म्हणायचं असेल, तर त्यानं पांढरकवड्याला यावं. जुना रस्ता तिथंच आहे, वळणही तेच आहे, गाडी मी देतो. हवाही मीच काढून देतो.