ताऱ्यातलं लोखंड आणि तात्यांची माती

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी उन्हाळ्यात निमगाव सावाला घरी गेले, तर बाबांनी आधीच सगळीकडे सांगून ठेवलेलं, "आमची पोरगी नुसत्या उजेडावरनं ताऱ्यात लोखंड किती, ते सांगती." बाबा एसटीत कंडक्टर, बातमी पसरायला कितीसा वेळ लागणार!

सकाळीच शेजारचे तात्या मातीची पिशवी घेऊन हजर. मेंढरं राखता राखता त्यांनी नुकतंच डाळिंब लावलं होतं आणि पानं पिवळी पडत होती; मातीत लोखंड कमी असणार, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं.

"तारा कुठल्या कुठं. ही माती तर हातात हाय. बघ लोखंड."

"तात्या, हे मला नाही जमायचं."

तात्यांचा चेहरा पडला, बाबांचा त्याहून जास्त. मग मीच हट्टाला पेटले. स्वयंपाकघराची दारं-खिडक्या लावल्या, गॅस पेटवला, उजेडातले रंग वेगवेगळे दिसावेत म्हणून शेजारी एक जुनी सीडी तिरकी धरली आणि चिमूटभर माती ज्योतीवर टाकली. सीडीत पिवळा रंग झळकला.

"लोखंड?" दोघं एकदमच म्हणाले.

"नाही. मीठ."

"मंग लोखंड कुठाय?"

"ते दिसायला गॅसची आच पुरत नाही."

तात्या पाटावर टेकले. "पर ताऱ्यातलं लोखंड बघून करायचं काय?"

मी सांगितलं, जुने तारे मरताना लोखंड बाहेर टाकतात, ते नव्या ताऱ्यांत जातं. म्हणून ज्यात लोखंड कमी, तो तारा बहुधा म्हातारा. शिवाय काही ताऱ्यांची घडण आजूबाजूच्यांशी जुळतच नाही. ते मूळचे दुसऱ्या, लहान आकाशगंगेतले. आपल्या आकाशगंगेनं ती कधीच गिळून टाकली.

"म्हंजी दुसऱ्याच्या कळपातली मेंढरं आपल्यात आली. आन् मालक मागाया आला न्हाई?"

"मालक उरलाच नाही, तात्या."

"लई वाईट झालं," तात्या मनापासून म्हणाले. या गोष्टीचं वाईट वाटलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

तेवढ्यात आईनं दार ढकललं, बर्नर पाहिला आणि आम्हा तिघांना बाहेर काढलं.

तात्यांनी शेवटी माती जुन्नरला तपासून आणली. अहवाल आला : क्षार जास्त. "पोरीनं मीठ आधीच सांगितलं व्हतं!" त्यांनी गावभर केलं. मीठ थोडंफार सगळ्याच मातीत असतं, कुठलीही टाकली असती तरी रंग पिवळाच दिसला असता, हे मी कुणाला बोलले नाही. दिवाळीत मला शाळेत भाषणाला बोलावलं. फळ्यावर लिहिलं होतं, 'माती तज्ज्ञ'.

मी गेले. बोललेसुद्धा.