जुन्या लोकोला नवं इंजिन

नव्या इंजिनाला बाबांनी पहिल्याच दिवशी नाव ठेवलं: "विहिरीवरचा पंप."

सौसर स्टेशनाच्या बाजूला छोट्या लाइनीचा, म्हणजे नॅरोगेजचा, एक तुकडा अजून शाबूत आहे. बाकीची लाइन उखडून मोठी लाइन आली. त्या तुकड्यावर बाबांचा जुना डिझेल लोको, म्हणजे डबे ओढणारी गाडी, कित्येक वर्षं ऊन खात उभा होता. बाबांनी अख्खी नोकरी त्याच्यावर ड्रायव्हर म्हणून काढली, आणि त्यांच्याच नादानं मी डिझेल शेडात फिटर झाले. मग वरून हुकूम आला: लोको चालू करा, मागे एक डबा जोडा, लोकांना फिरवा. ट्रायलमध्ये डबा ओढला तर ठीक, नाही तर लोको भंगारात. काम आमच्या टोळीकडे आलं आणि घरात मला दोन घास सुखानं खाणं कठीण झालं.

त्याच्या पोटातल्या जुन्या इंजिनाचा ब्लॉकच, म्हणजे मूळ सांगाडाच, तडकला होता आणि त्याचे भाग आता कुठे मिळत नाहीत. बाबांना ते पटेना.

"कोनाचंबी इंजिन बसवशीन अन् त्याले माही गाडी म्हनशीन?"

"शेजारच्या काकूचा गुडघा बदलला ना बाबा? मग काकू बदलली का?"

"बदललीच ना! पयले दारात थांबून बोले. आता सरळ चालून जाते."

क्रेननं जुनं इंजिन उचललं तेव्हा बाबा कुंपणाबाहेर पाठ फिरवून उभे राहिले. नवं इंजिन निम्म्या आकाराचं. त्याच्यासाठी नवा पाया वेल्डिंग करून बसवला. शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, एका रेषेत यावा म्हणून इंजिनाखाली पातळ पत्रे घालत आणि काढत बसलो. शिवाय ते हलकं. लोको हलका झाला की चाकं रूळ धरत नाहीत, जागच्या जागी फिरतात. म्हणून जुन्या रुळांचे तुकडे त्याच्या पोटात बोल्टनं आवळून वजन भरलं. या कामाचा मला गर्व होता, आणि अजूनही आहे.

ट्रायलच्या दिवशी त्या मेहनतीवर पाणी फिरता फिरता राहिलं. पाणी कसलं, संत्र्याचा रस!

नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात. आमच्याकडे संत्र्याचा बहार सुरू झाला की बागवाले लिंबाऐवजी पहिलं संत्रं या लोकोच्या चाकाखाली ठेवायचे. लोको पुन्हा चालणार म्हटल्यावर रामाकोन्याची, लोधीखेड्याची माणसं टोपल्या घेऊनच आली. कुणी जामसांवलीच्या देवळातला शेंदूर आणून लोकोच्या कपाळाला लावला. मी ट्रायल बघायला आलेल्या साहेबांना इंजिन समजावत होते, तेवढ्यात दोन्ही रुळांवर संत्र्यांच्या रांगा लागल्या. पहिलं संत्रं अर्थातच बाबांनी ठेवलं होतं.

ड्रायव्हरनं हँडल ओढलं. संत्री फटाफट फुटली, चाकं गरगर फिरली आणि लोको हातभर सरकून थांबला. सालींचं तेल रुळांना लागलेलं. आणखी जोर दिला तर चाकं आणखी फिरली. साहेब म्हणाले, "इसमें दम नहीं है."

माझं डोकं फिरलं. "साहब, दम बहुत है, पटरी पर शरबत है!" मग गर्दीकडे वळले. "पूजा करून राहिले का त्याचा जीव घेऊन राहिले?"

आधी बाबा खाली बसले. डोक्याचा दुपट्टा सोडून ते रूळ पुसायला लागले. पुसलेला रूळही ते पुन्हा पुन्हा पुसत होते. इतके दिवस पंप पंप म्हणणाऱ्या या माणसाला लोको जाण्याची केवढी धास्ती होती, ते मला तेव्हा दिसलं आणि राग जागीच विरला. मग सगळेच वाकले. कुणी गमछ्यानं पुसलं, कुणी पदरानं. चहावाल्यानं भट्टीतली राख दिली, ती मी रुळांवर भुरभुरली.

या वेळी ड्रायव्हरनं हँडल हळू ओढलं. चाकांनी रूळ धरला. डबा घेऊन लोको तुकड्याच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. साहेबांनी मान डोलावली आणि एक संत्रं सोलायला घेतलं.

पुढची फेरी लोकांची होती. ड्रायव्हरनं बाबांना केबिनमध्ये बोलावलं. ते नको म्हणाले आणि डब्यात खिडकीशी जाऊन बसले. मी त्यांच्या शेजारी बसले. उभ्या जन्मात ते आपल्या लोकोच्या मागे डब्यात कधी बसले नव्हते.

गाडी सुटली आणि असा धक्का बसला की त्यांचं कपाळ खिडकीच्या गजावर आपटलं. आई याच गाडीनं माहेरी जायची, आणि परत आली की भांडायची, गाडी सोडताना किती धक्का मारता म्हणून. बाबा म्हणायचे, माझ्या गाडीला धक्का नाही, तुलाच बसता येत नाही. आईला जाऊन आता बरीच वर्षं झाली.

बाबांनी कपाळ चोळलं.

"खरं म्हने वं तुही आई," ते म्हणाले. "आता कोनाले सांगू?"