बोगद्याच्या तोंडाशी चपला

काल सुरतेत, पांडेसऱ्यात रिक्षा थांबली आणि गटाराच्या झाकणाखालून तोच सडक्या अंड्यासारखा वास आला. पदर नाकाला लावला, तरी मी पंचवीस-तीस वर्षं मागे गेलेच.

रंगाच्या मिलांचं पाणी खाडीपर्यंत नेणारा बोगदा आमच्या यांनी ठेका घेऊन स्वतःच्या हिमतीवर खणला होता. आत उतरताना आमची खानदेशी माणसं तोंडाशी चपला काढत, टाचा बोगद्याकडे करून. वर आलं की पायात सरकवायच्या आणि सरळ घर गाठायचं.

पाणी सोडायच्या सकाळी नारळ फुटला, मी ओवाळलं. तेवढ्यात बाजूला एक जोड दिसला. अंगठा तुटलेला, सुतळीनं बांधलेला.

“अहो, या कुणाच्या?”

“सगळा बाहेर ई ग्यात, वहिनी,” मुकादम म्हणाला. “कोणी इसरना व्हई.”

यांनी चपलांकडे पाहिलं, जमलेल्या मिलमालकांकडे पाहिलं आणि पाणी अडवणाऱ्या दरवाजाचं चाक फिरवलं. लालभडक पाणी घुसलं. टाळ्या वाजल्या.

त्या चपला न्यायला कुणीच आलं नाही.

पुढे हे होते तोवर यांनी दाराबाहेर कधी चपला काढल्या नाहीत. हातात धरून आत आणायचे.